मुलगा नापास का झाला? इंग्लंडमध्ये ए लेव्हलला समाजशास्त्र शिकतात म्हणजे काय

सप्टेंबरातला पहिला तास. समोर सोळा-सतरा वर्षांची मुलं. मी प्रत्येकाच्या हातात एक पिवळी चिठ्ठी देते आणि सांगते, तुमच्या ओळखीतल्या कुणाला तरी जीसीएसईला (इथली सोळाव्या वर्षाची परीक्षा) गणितात कमी ग्रेड मिळाली असेल. का मिळाली, ते एका वाक्यात लिहा. नाव नको. पाच मिनिटांत चिठ्ठ्या फळ्यावर चिकटवून होतात. गेली काही वर्षं मी हे करते आहे आणि चिठ्ठ्यांवरचा मजकूर फारसा बदललेला नाही. अभ्यासच केला नाही. दिवसभर फोन. गणित डोक्यात शिरतच नाही. संगत वाईट. त्यात एखादीच चिठ्ठी वेगळी निघते: ‘त्याला घरी बसायला जागा नव्हती.’ किंवा ‘एका वर्षात तीन सर बदलले.’

त्या एक-दोन चिठ्ठ्या काढून मी फळ्याच्या दुसऱ्या टोकाला लावते आणि म्हणते, पुढची दोन वर्षं आपण या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आहे, आणि मग दोन्ही टोकांकडे नीट बघायला शिकायचं आहे.

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. दर गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये कुणी ना कुणी आई-बाबा मला बाजूला घेऊन विचारतात, “ताई, लेक सोशिऑलॉजी घ्यायचं म्हणतेय. ते नक्की असतं काय? आणि पुढे त्याचं काय होतं?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. हॉलमध्ये आरतीच्या गडबडीत त्यांची नीट उत्तरं देता येत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी व्यवस्था थोडक्यात. इंग्लंडमध्ये पूर्वी माध्यमिक शाळेतल्या इयत्ता ‘फर्स्ट फॉर्म’पासून मोजत. पाचव्या फॉर्मला सोळाव्या वर्षाची परीक्षा व्हायची, आणि जी मुलं पुढे शिकायची ती दोन वर्षं ‘सिक्स्थ फॉर्म’मध्ये असायची. आता त्या वर्गांना इयत्ता बारावी आणि तेरावी म्हणतात, पण जुनं नाव टिकून आहे. या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आणि त्याच्या शेवटच्या परीक्षेला ए लेव्हल म्हणतात. काही शाळांना स्वतःचा सिक्स्थ फॉर्म असतो. सिक्स्थ फॉर्म कॉलेज म्हणजे फक्त सोळा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी असलेली स्वतंत्र संस्था, साधारण आपल्या ज्युनिअर कॉलेजसारखी. फरक असा की इथे सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा शाखा नसतात. मूल बहुतेक वेळा तीनच विषय घेतं आणि ते कसेही जुळवता येतात. गणित, जीवशास्त्र आणि समाजशास्त्र घेतलेली मुलं माझ्याकडे दरवर्षी असतात. समाजशास्त्र शून्यापासून सुरू होतं, त्यामुळे आधी जीसीएसईला तो विषय घेतलेला असावा अशी अट सहसा नसते. वर्गातल्या चाचण्यांचे मार्क अंतिम निकालात धरत नाहीत. दोन वर्षांचं सगळं शेवटच्या मे-जूनमधल्या लेखी पेपरांवर ठरतं.

आता विषयाकडे. पिवळ्या चिठ्ठीवरचा मुलगा आपल्यासमोर आहे. गणितात त्याला पुरेशी ग्रेड मिळालेली नाही. समाजशास्त्रात ज्यांना ‘दृष्टिकोन’ म्हणतात, ते म्हणजे या मुलाकडे वेगवेगळ्या खिडक्यांतून बघणं. पुस्तकात ते एकापाठोपाठ एक प्रकरणं म्हणून येतात आणि मुलं ते पाठ करतात. मला ते एकाच मुलाभोवती मांडलेले बरे वाटतात.

पहिली खिडकी प्रकार्यवादाची, म्हणजे फंक्शनॅलिझमची. समाज शरीरासारखा आहे आणि त्यातली प्रत्येक संस्था काहीतरी काम करते, हा त्याचा पाया. फ्रान्सचा एमिल दुर्खाइम हा या विचारातला आद्य माणूस. पुढे अमेरिकेत टॅलकट पार्सन्सने शाळेला घर आणि समाज यांमधला पूल म्हटलं. घरात मूल ‘आमचं बाळ’ असतं, त्याला त्याच्यापुरते नियम असतात. शाळेत पहिल्यांदाच सगळ्यांना एकच फूटपट्टी लागते, आणि बाहेरच्या जगातही तीच लागणार असते. किंग्स्ले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी १९४५ मध्ये आणखी पुढचं मांडलं. समाजातल्या काही जागा फार महत्त्वाच्या असतात, तिथे सर्वांत लायक माणसं पोचायला हवीत, म्हणून त्या जागांना जास्त पैसा आणि मान असतो. शिक्षण या जागांसाठी माणसं चाळून देतं. म्हणजे आपला मुलगा चाळणीतून खाली राहिला, आणि चाळणीचं कामच ते आहे.

मुलांना हे लगेच पटतं. का पटणार नाही? पहिलीपासून शाळेने त्यांना हेच सांगितलेलं असतं.

मग मी एक आकडेवारी दाखवते. इंग्लंडमध्ये ज्या घरांचं उत्पन्न फार कमी असतं त्यांच्या मुलांना शाळेत जेवण मोफत मिळतं. सरकार दरवर्षी निकाल जाहीर करताना मोफत जेवण घेणारी मुलं आणि बाकीची मुलं असे आकडे वेगळे काढतं. मोफत जेवणवाल्यांचा निकाल सरासरीने खाली असतो. एखाद्या वर्षी घडलेली ही गोष्ट नाही, वर्षानुवर्षांची आहे. चाळणी जर फक्त लायकी बघत असेल, तर तिला दुपारच्या जेवणाचे पैसे कोण भरतं हे कसं कळतं? या प्रश्नाशी वर्ग पहिल्यांदा थबकतो. विषय खरा इथे सुरू होतो.

मार्क्सवादी खिडकीतून दिसणारं चित्र असं: शाळा चाळत नाही, ती साचे भरते. अमेरिकेतल्या सॅम्युएल बोल्स आणि हर्बर्ट गिंटिस यांनी १९७६ मध्ये दाखवलं की शाळेतला दिवस आणि कारखान्यातला दिवस एकमेकांशी जुळतात. घंटेवर उठायचं-बसायचं, वरच्याचं ऐकायचं, कामात रस नसला तरी बक्षिसासाठी ते करायचं. आज्ञाधारक कामगार तयार होतो तो इथे. अभ्यासक्रमात काय शिकवतात त्यापेक्षा शाळा चालते कशी यातून मुलं जे शिकतात ते महत्त्वाचं. त्याला ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हणतात.

पण मग जी मुलं ऐकतच नाहीत त्यांचं काय? बोल्स आणि गिंटिस यांच्याकडे याचं समाधानकारक उत्तर नाही. ते पॉल विलिसने शोधलं. दोन वर्षांत जे जे शिकवते त्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा अभ्यास, म्हणून इथे थोडी थांबते.

विलिस मिडलंड्समधल्या एका कारखान्यांच्या गावात, कामगारांच्या मुलांच्या शाळेत गेला. गावाला त्याने ‘हॅमरटाउन’ हे टोपणनाव दिलं. तिथल्या बारा मुलांच्या टोळक्याबरोबर तो राहिला, त्यांच्याशी गटात गप्पा मारल्या, आणि शाळा सुटल्यावर ती कामाला लागली तेव्हाही त्यांच्या मागावर राहिला. त्याचं पुस्तक १९७७ मध्ये आलं. ही मुलं स्वतःला ‘लॅड्स’ म्हणवत. शिक्षकांचं मुकाट ऐकणाऱ्या मुलांना त्यांनी नाव ठेवलं होतं ‘इअरोल्स’, म्हणजे नुसती कानाची भोकं, ज्यांच्यात फक्त ऐकू जातं. लॅड्सचं सगळं कौशल्य शाळेचा वेळ उधळण्यात होतं. तास बुडवायचा, सिगारेट ओढायची, खोड्या काढायच्या आणि दिवस हसत ढकलायचा. पुस्तकी काम त्यांना बायकी वाटे. हातांचं, घामाचं काम म्हणजे मर्दाचं काम.

विलिसला दिसलं ते असं की या मुलांना कुणी फसवलेलं नव्हतं. शाळा सांगते, मेहनत करा, प्रत्येकाला संधी आहे. लॅड्सनी आजूबाजूला बघून ताडलं होतं की आपल्यासारख्या सगळ्यांना वरच्या जागा मिळणं शक्यच नाही. त्यांचं निदान बरोबर होतं. पण त्या निदानापायी त्यांनी शाळा झिडकारली, कागदावरची पात्रता न घेता बाहेर पडली, आणि थेट कारखान्यातल्या सर्वांत खालच्या कामावर जाऊन उभी राहिली. तिथेही तेच: मुकादमाची नजर चुकवायची, थट्टामस्करीत पाळी ढकलायची, कचेरीतल्या कागदी माणसांना हसायचं. शाळेत बंड म्हणून जे शिकलं, ते कारखान्यात टिकून राहायला उपयोगी पडलं. व्यवस्थेला जशी माणसं हवी होती तशी ती झाली, आणि तीही आपल्या पायांनी चालत जाऊन.

हे सांगून झालं की वर्गात शांतता असते. आमच्या कितीतरी मुलांचे आजोबा पंजाबातून येऊन याच भागातल्या फाउंड्रीत राबलेले आहेत. एका मुलाने विचारलं होतं, “मिस, आता ते कारखाने बंद आहेत. मग आजचे लॅड्स कुठे जातात?” मी त्याला उत्तर दिलं नाही. निबंध लिहून आण म्हटलं. बारा मुलांवरून सगळ्या देशाबद्दल बोलता येतं का, मुली या अभ्यासात कुठे आहेत, विलिसला ही मुलं जरा जास्तच आवडली होती का, हे आक्षेपही तिथेच लिहायचे असतात.

घरचं वातावरण हा आणखी एक भाग. बेझिल बर्नस्टाइनने भाषेचा धागा पकडला. काही घरांत बोलणं तुटक, संदर्भावर अवलंबून असतं, काही घरांत ते सविस्तर असतं, आणि शाळा फक्त दुसरी तऱ्हा ‘चांगली’ मानते. प्रमाण मराठी आणि घरची बोली यांच्यात सापडलेल्या आपल्याकडच्या मुलांना हे वेगळं सांगावं लागणार नाही. प्येर बुर्द्यूने याला सांस्कृतिक भांडवल हा शब्द दिला: पैशासारखंच घरातून मिळणारं, पण डोळ्यांना न दिसणारं धन. कोणती पुस्तकं घरात आहेत, कशाबद्दल बोलणं होतं, शिक्षकांशी कसं बोलावं हे आई-वडिलांना माहीत आहे का, हे सगळं त्यात आलं.

तिसरी खिडकी वर्गाच्या आतली. समाजाचा एवढा मोठा सांगाडा बाजूला ठेवा आणि शिक्षक मुलाकडे बघतो कसा, ते बघा. हॉवर्ड बेकरने शिकागोतल्या साठ शिक्षकांशी बोलून दाखवलं की प्रत्येकाच्या मनात एक ‘आदर्श विद्यार्थी’ असतो आणि मुलं त्या चित्राशी किती जुळतात यावर जोखली जातात. ते चित्र मध्यमवर्गीय मुलाचं असतं. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगितलं की एका खास चाचणीतून आम्हाला कळलं आहे, अमुक मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार. प्रत्यक्षात ती बुद्धिमत्तेची साधी चाचणी होती आणि नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती, साधारण पाचातलं एक. वर्षाने बघितलं तर त्या मुलांनी, विशेषतः लहान इयत्तांतल्या, बाकीच्यांपेक्षा जास्त प्रगती केली होती. शिक्षकाची अपेक्षा खरी झाली होती. १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नंतर अनेकांनी हा प्रयोग परत करून बघितला आणि निष्कर्ष दर वेळी तितके ठळक आले नाहीत, हेही मुलांना सांगावं लागतं. आणि उरलेल्या, पाचातल्या चार मुलांच्या वाट्याला काय आलं, हा नीतीचा प्रश्न आहेच.

हा धडा झाला त्या दिवशी एक मुलगा तासानंतर थांबला. इंग्लंडमध्ये गणितात किंवा इंग्रजीत ग्रेड चार, म्हणजे पास होण्यापुरती ग्रेड, मिळाली नसेल तर वयाच्या सोळाव्या वर्षानंतरही तो विषय चालू ठेवावा लागतो. तो गणिताला पुन्हा बसणार होता. म्हणाला, “मिस, त्या दिवशी ‘डोक्यात शिरतच नाही’ लिहिलं होतं ना, ते माझंच होतं. मला हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते आज आठवलं.” मी त्याला कोण म्हणून विचारलं नाही.

स्त्रीवादी खिडकीबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर वेगळा लेख हवा. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षाच्या परीक्षेत मुली मुलांच्या पुढे असतात, गेली कित्येक वर्षं. सू शार्पने १९७०च्या दशकात लंडनमधल्या मुलींना विचारलं तेव्हा प्रेम, लग्न, नवरा, मुलं आणि मग नोकरी असा क्रम होता. १९९०च्या दशकात तिने पुन्हा विचारलं तेव्हा नोकरी आणि स्वतःच्या पायांवर उभं राहणं वर आलं होतं. तरी ए लेव्हलला भौतिकशास्त्राच्या वर्गात मुलगे जास्त आणि माझ्या वर्गात मुली कितीतरी जास्त, हे तसंच आहे.

आता आपल्या घरात येऊ. सरकारी आकडे वंशगटांप्रमाणेही निघतात. भारतीय आणि चिनी मुलांचा निकाल देशाच्या सरासरीच्या बराच वर असतो. गरीब घरांतले गोरे ब्रिटिश मुलगे तळाजवळच्या गटांत असतात. मंडळात हा विषय निघाला की उत्तर तयार असतं: “आपल्याकडे शिक्षणाला किंमत आहे हो. संस्कार आहेत.” यात काहीच खरं नाही असं मी म्हणत नाही. पण माझ्या वर्गातल्या एका मराठी मुलीने हे उत्तर घरी जेवताना तपासलं, आणि तो प्रसंग तिच्या आईनेच मला सांगितला.

“बाबा, तुम्हाला व्हिसा कशावर मिळाला?”

“इंजिनिअरिंगची डिग्री होती, कंपनीने पाठवलं.”

“आणि गावचा काका का नाही आला?”

“तो बारावीनंतर शिकला नाही ना.”

“मग इथे आलेली माणसं आधीच निवडलेली होती. सगळ्यांत शिकलेली तेवढीच आली. त्यांची मुलं शाळेत पुढे असणारच.”

बाबा थोडा वेळ गप्प होते म्हणे. मग म्हणाले, बरोबर आहे तुझं.

समाजशास्त्राच्या भाषेत तिने सांस्कृतिक स्पष्टीकरणासमोर वर्गीय, म्हणजे घराच्या आर्थिक-सामाजिक स्तराचं, स्पष्टीकरण ठेवलं. चांगली विद्यार्थिनी इथेही थांबत नाही. बांगलादेशातून आलेली पुष्कळ कुटुंबं सिल्हेटच्या खेड्यांतली. हातात पदव्या नव्हत्या, काम हॉटेलात नाहीतर कपड्यांच्या कारखान्यांत. त्यांची मुलं बरीच वर्षं मागे होती, आणि तेव्हा वर्गाचं स्पष्टीकरण चपखल बसायचं. मग तीच मुलं भराभर पुढे आली आणि अलीकडे सरासरीच्या वर गेली, घरची गरिबी बऱ्याच अंशी तशीच असताना. म्हणजे नुसता वर्ग पुरत नाही, नुसते संस्कारही पुरत नाहीत. शाळा कुठे आहे, लंडनमध्ये की एखाद्या ओस पडलेल्या गावात, आई-वडिलांना आपल्या मुलाचं भविष्य याच देशात दिसतं का, हेही बघावं लागतं. सतरा वर्षांच्या मुलीला एका उत्तरावर समाधान न मानायची सवय लागणं, ही मला या विषयाची सर्वांत मोठी देणगी वाटते.

एवढं सगळं लोक म्हणतात, पण त्यांना कळलं कसं? अभ्यासक्रमाचा दुसरा मोठा भाग याच प्रश्नाचा आहे: संशोधनपद्धती. मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि मार्क तिथेच जातात. तो रंगवायचा उपाय एकच, स्वतः संशोधक व्हायचं. समजा तुम्हाला शाळा बुडवणाऱ्या मुलांचा अभ्यास करायचा आहे. काय कराल?

प्रश्नावली वाटू, असं पहिलं उत्तर येतं. स्वस्त, झटपट, हजार मुलांकडून भरून घेता येईल, आकडे मिळतील. वाटणार कुठे? वर्गात. पण ज्यांच्याबद्दल जाणायचं आहे ती वर्गात नाहीत. दुसरं उत्तर, मुलाखत घेऊ. वही घेऊन समोर बसलेला मोठा माणूस त्या मुलाला कोण वाटेल? आणखी एक शिक्षक. तो एक तर खरं सांगणार नाही, नाहीतर फुशारकी मारेल. म्हणून तर विलिस गटात बोलला, चार मित्र बरोबर असले की मुलं मोकळी होतात. मग तिसरं उत्तर येतं, त्यांच्यातलाच एक होऊन राहायचं, म्हणजे सहभागी निरीक्षण. छान. पण चाळिशीचा माणूस विद्यार्थी म्हणून खपेल का? शाळेत शिरायला मुख्याध्यापकांची परवानगी, गुन्हेगारी नोंदीची तपासणी, आई-वडिलांची संमती लागेल. आणि एखाद्या मुलाने तुम्हाला चोरी केल्याचं सांगितलं तर? गप्प राहाल की सांगाल?

जेम्स पॅट्रिकचं उदाहरण इथे मुलं विसरत नाहीत. १९६०च्या दशकात ग्लासगोमधला हा तरुण शिक्षक आपल्याच एका विद्यार्थ्याच्या मदतीने, खरी ओळख लपवून, तिथल्या टोळीत शिरला. हिंसा झेपेनाशी झाली तेव्हा बाहेर पडला. पुस्तक कित्येक वर्षांनी, १९७३ मध्ये, आणि टोपणनावाने काढावं लागलं. त्याने जे पाहिलं ते कुठल्याही प्रश्नावलीत उमटलं नसतं. पण तसाच अभ्यास दुसऱ्याला पुन्हा करून तपासता येत नाही.

यातूनच तीन शब्द येतात, आणि ते नीट वेगळे कळले की पद्धतींचा निम्मा भाग झाला म्हणायचं. दुसऱ्याने तीच पद्धत वापरली तर तेच उत्तर येईल का, ही विश्वसनीयता. जे मोजायचं म्हणता तेच खरोखर हाती लागलं का, ही सप्रमाणता. आणि ज्यांना विचारलं ती माणसं सगळ्यांच्या वतीने बोलू शकतात का, ही प्रातिनिधिकता. प्रश्नावलीत पहिलं आणि तिसरं बहुधा मिळतं, सहभागी निरीक्षणात दुसरं. इंग्लंडमधली मुलं एका पद्धतीकडे व्यवहार, नीती आणि सिद्धान्त अशा तीन बाजूंनी बघायचं लक्षात ठेवायला त्या इंग्रजी शब्दांची (प्रॅक्टिकल, एथिकल, थिअरेटिकल) आद्याक्षरं जोडून ‘पेट’ म्हणतात.

परीक्षेबद्दल. आमच्याकडे एक्यूए बोर्ड आहे, ओसीआर आणि एज्युकास ही आणखी दोन. एक्यूएचे तीन पेपर, प्रत्येकी दोन तास, ८० मार्क. पहिला शिक्षण आणि पद्धतींचा. दुसऱ्यात कॉलेज दोन विषय निवडतं, आम्ही कुटुंब आणि धर्मश्रद्धा हे घेतो. तिसरा गुन्हेगारीचा. ८० मार्कांना १२० मिनिटं, म्हणजे एका मार्काला दीड मिनिट. ३० मार्कांच्या निबंधाला पाऊण तास. प्रश्नासोबत ‘आयटम’ नावाचा छोटा उतारा असतो आणि त्याचा उपयोग करणं सक्तीचं असतं. माहिती, तिचा वापर आणि मूल्यमापन, तिन्हीला मार्क आहेत. हुशार, भरपूर पाठांतर असलेली मुलं तिसऱ्यात अडकतात.

मूल्यमापन म्हणजे काय ते एका वहीतून दाखवते. पहिल्या सत्रात एका मुलीने लिहिलं होतं: ‘डेव्हिस आणि मूर यांच्या मते शिक्षण लायक माणसं निवडतं. पण मार्क्सवाद्यांना हे पटत नाही.’ दोन मतं शेजारी ठेवली, त्यांची गाठ घातली नाही. वर्षअखेरीस तिचाच परिच्छेद असा होता: ‘निवड लायकीवर होत असेल तर गरीब मुलांमधली लायकी दरवर्षी कमी निघते असं मानावं लागेल, आणि त्याला आधार नाही. त्यापेक्षा निवडीआधीच काहींना संधी कमी मिळते हे जास्त पटतं. मात्र बोल्स आणि गिंटिस यांना गरीब घरातून विद्यापीठात जाणारी मुलं नीट समजावता येत नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं निम्मंच पुरतं.’ दुसऱ्यात ती स्वतः वजन करते आहे. हे शिकवायला आम्हाला वर्ष लागलं.

अभ्यासक्रमातली बहुतेक नावं युरोप-अमेरिकेची आहेत, हे मला खटकतं. भारत येतो तो एका कोपऱ्यात. जॉर्ज मर्डॉकने १९४९ मध्ये २५० समाज तपासून म्हटलं की कुटुंब ही संस्था सगळीकडे आहे. त्याला उत्तर म्हणून कॅथलीन गॉफने अभ्यासलेले केरळचे नायर पुस्तकात भेटतात, ज्यांच्यात पूर्वी मुलं आईच्या घरी, मामाच्या छत्राखाली वाढत आणि बाप त्या घरात राहत नसे. बास, तेवढंच. आणि प्रत्यक्षात हा विषय मुंबईत फार लवकर पोचला होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९०७ मध्ये लिओनार्ड हॉबहाउस समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात विभाग सुरू झाला. तो सुरू करणारे पॅट्रिक गेडिस स्कॉटलंडचे. त्यांच्यानंतर विभाग सांभाळला तो मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. ते लंडनहून केंब्रिजला जाऊन डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या हाताखाली शिकले होते. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी.

सामाजिक बंदिस्ती, म्हणजे एखाद्या गटाने आपले फायदे राखायला बाहेरच्यांना दारं बंद करणं, ही कल्पना शिकवायची वेळ आली की मी एक तास डॉ. आंबेडकरांसाठी काढते. मे १९१६ मध्ये, पंचविशीत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीवर निबंध वाचला. जातीचं मूळ त्यांनी जातीतल्या जातीत लग्न करण्यात शोधलं, आणि जात म्हणजे दारं बंद करून घेतलेला वर्ग असं मांडलं. वरच्यांनी आधी दारं लावली आणि बाकीच्यांनी काही अंशी त्यांचं अनुकरण केलं. काहींच्या तोंडावर दारं लावली गेली. इथल्या मुलांना खासगी शाळा आणि ठरावीक क्लब आठवतात, ती लगेच उदाहरणं देऊ लागतात. परीक्षेत हे नाव वापरलं तर मार्क मिळतात का, असं विचारतात. प्रश्नाला धरून असेल तर नक्की मिळतात.

राहिला पालकांचा दुसरा प्रश्न. डॉक्टर व्हायचं असेल तर सहसा रसायनशास्त्र लागतंच, तिथे समाजशास्त्र तिसरा विषय म्हणून चालतो. कायदा, समाजकार्य, शिक्षकी, पत्रकारिता, पोलीस, नर्सिंग, मनुष्यबळ, सरकारी धोरण, इकडे आमची मुलं जातात. रसेल ग्रुप या नामांकित विद्यापीठांच्या गटाची ‘दारं उघडी ठेवणाऱ्या’ विषयांची एक यादी होती आणि तिच्यात समाजशास्त्र नव्हतं, म्हणून अजूनही काहीजण घाबरवतात. ती यादी २०१९ मध्येच रद्द झाली. आणि सोपं आहे का? समजायला सोपं, लिहायला अवघड. दर आठवड्याला दोन-अडीच पानं लिहावी लागतात आणि लेखकांची नावं, वर्षं, निष्कर्ष ध्यानात ठेवावे लागतात. ज्या मुलाला लिहिण्याचा मनापासून कंटाळा आहे त्याने नीट विचार करावा, मी तोंडावर सांगते.

घरी ठरत नसेल तर एक करून बघा. मुलाला किंवा मुलीला एक चिठ्ठी द्या आणि नातेवाइकांतल्या कुणाची तरी नोकरी का गेली, हे एका वाक्यात लिहायला सांगा. मग म्हणा, आता दुसरं कारण लिही, ज्यात त्या माणसाचा काहीच दोष नाही. मग तिसरं. तिसऱ्या कारणापाशी पोचेपर्यंत मूल चिठ्ठी सोडत नसेल, तर मला फोन करायला सांगा.